परत म्हणणारा

विज्ञानाची हद्द जिथे संपते, तिथून अज्ञाताचं अफाट साम्राज्य सुरू होतं.

आमच्या गोष्टीत तिथून स्कूटर स्टँड सुरू होतो.

आधी संस्थेची मुख्य इमारत, मग कँटीन, मग बंद पडलेलं कारंजं, मग स्टँड. आणि स्टँडच्या पलीकडे, कडुनिंबाखाली, एक खोली. संस्थेचं नाव सांगत नाही. पुण्यात अशा संस्था पुष्कळ आहेत आणि सगळ्यांची कारंजी बंद आहेत, तेव्हा ओळखू यायची भीती नाही.

ही घटना खरी आहे.

चाळीस वर्षं विनोदी सदर लिहून मी पोट भरलं. त्यामुळे मी ‘खरं सांगतो’ म्हटलं की लोक आधीच हसायला लागतात. सासरे वारले ते कळवायला एकाला फोन केला, तर तो म्हणाला, “वा, पुढे?” तेव्हा विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा. पण यातला शब्द न् शब्द तपासून घेतलेला आहे.

कोणाकडून, ते शेवटी सांगतो.

गेल्या वर्षीचा एप्रिल. मंगळवार. दुपारचे दोन वाजून सोळा मिनिटं.

हो, दुपारचे. भुतांना रात्र लागते असं ज्यांनी ठरवलं, त्यांनी एप्रिलमधली पुण्याची दुपार पाहिलेली नाही. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. हाक मारली तर ती आपल्यालाच परत ऐकू येते.

त्या खोलीत माझी पुतणी ऋचा काम करते. काम काय, तर थंडी मोजायची. महाबळेश्वरची नाही. उणे दोनशे अंशांच्या आसपासची.

एवढी थंडी मोजायला प्लॅटिनमची बारीक तार वापरतात. थंडी वाढली की तारेचा विद्युतरोध कमी होतो. पण तारेला नुसती थंडी वाजते, किती वाजते ते सांगता येत नाही. ते तिला आधी शिकवावं लागतं. शिकवणारा म्हणजे वायूचा तापमापक. तांब्याच्या एका गोळ्यात हेलियम वायू भरलेला असतो. गोळा आणि तार शेजारीशेजारी द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवायची. थंडीने गोळ्यातल्या वायूचा दाब उतरतो, तो बाहेरच्या काचेच्या नळीत पाऱ्याच्या उंचीवरून कळतो. त्यावरून खरं तापमान काढायचं आणि तारेच्या नावापुढे लिहायचं.

वायूचा तापमापक हा घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखा. अवजड, संथ, एकदा बसला की उठत नाही. पण शब्द त्याचाच शेवटचा.

बाकी जगाने आता सोपे मार्ग काढलेत. या संस्थेत तो अजून आहे, कारण तो माझ्या थोरल्या भावाने, श्यामसुंदरने, १९८६ साली स्वतःच्या हाताने बांधला. ऋचा त्याची मुलगी.

या कामाची एक रीत आहे. ती नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

काम दोघांचं. एक वाचणारा, एक लिहिणारा. वाचणारा छोट्या दुर्बिणीतून पाऱ्याची उंची बघतो आणि आकडा मोठ्याने म्हणतो. “दोन आठ तीन, एक चार.” लिहिणारा तोच आकडा मोठ्याने परत म्हणतो आणि मगच लिहितो. तो परत म्हणेपर्यंत वाचणाऱ्याने पुढे जायचं नाही. दादा म्हणायचा, “परत म्हणेपर्यंत आकडा हवेत असतो. कुणाचाच नसतो.”

आता खिडकी.

थंडी आणखी वाढवायची तर पंप लावून नायट्रोजनची वाफ ओढून काढतात. ती एका जाड रबरी नळीने खिडकीतून बाहेर सोडायची. पण खिडकी उघडी म्हणजे झुळूक आली. झुळकीने पारा थरथरतो आणि शेवटचा आकडा हलतो. आणि या लोकांचा सगळा जीव त्या शेवटच्या आकड्यात.

म्हणून दादाने सूचनांची एक वही केली होती. सूचना क्रमांक सात, त्याच्या सुरेख अक्षरात: ‘वाचनाच्या वेळी झुळूक नको. नळी आत घेऊन खिडकी लावावी.’

त्या वाफेला वास नसतो. रंग नसतो. ती फक्त खोलीतल्या हवेची जागा घेत जाते. आतला माणूस गुदमरतो आणि ते त्याला कळतही नाही. उलट म्हणे जरा मजेत येतो.

असं झालं तर किंचाळणारं एक यंत्र भिंतीवर होतं. ते उगाचच किंचाळतं म्हणून दुरुस्तीला गेलं. आठ महिने झाले होते. भिंतीवर त्याच्या आकाराचा स्वच्छ चौकोन उरला होता. संस्थेतली तेवढीच स्वच्छ जागा.

त्या खिडकीची कडी फार उंच आहे. ऋचाला स्टूल लागतं. सगळ्यांनाच लागतं.

एकाच माणसाला लागत नसे.

कोंडीराम. दादाचा लिहिणारा. सहा फूट दोन इंच. मुळशीकडचा. आवाज असा, की आडात कोणी बोलतंय. दादाने आकडा म्हटला की एक क्षण थांबायचा, आणि मग खालून तो आवाज यायचा. मी एकदोनदा तिथे जाऊन बसलो होतो. कीर्तनातल्या टाळकऱ्याने बुवांची ओळ उचलावी तसं वाटायचं.

१९९४ च्या एप्रिलमध्ये कोंडीराम त्याच खोलीत गेला. दुपारी. कागदावर हृदयविकार लिहिलं. दादाने तापमापक कापडात गुंडाळला आणि निवृत्त होईपर्यंत त्याचं नाव काढलं नाही.

पण वही तशीच राहिली. सूचना क्रमांक सात कोणी खोडली नाही. हृदयविकाराला खिडकीशी काय करायचंय?

एकोणतीस वर्षांनी ऋचाने ते कापड सोडलं. वही वाचली. बाबांचंच अक्षर. तिने का शंका घ्यावी?

तोपर्यंत बाबा कोणाला काही सांगण्याच्या पलीकडे गेले होते. दादा आता माणसं ओळखत नाही. मला कधी कँटीनवाला समजतो, कधी ऑडिटर. कँटीनवाला समजला की चहा मागतो. ऑडिटर समजला की झोपेचं सोंग घेतो.

आम्ही नारायण पेठेत एकाच इमारतीत वर-खाली राहतो. दुपारी सरोजिनीवहिनी जरा पडतात, तेव्हा दादाजवळ मी बसतो. शब्दकोडं सोडवत.

ऋचाने कापड सोडलं त्याच महिन्यात दादाने आकडे म्हणायला सुरुवात केली.

रोज. सव्वादोनच्या सुमाराला.

“दोन आठ तीन, एक चार.” आणि थांबायचा. वाट बघत.

वहिनींना वेगळीच काळजी. “भाऊजी, हा कुणाचा नंबर आहे हो? कुण्या बाईचा तर नाही?”

“पाच आकडी फोन आहे, वहिनी. बाई असलीच तर फार जुनी आहे.”

मला मात्र माहीत होतं. मी तो आकडा परत म्हणायचो. मग दादाचा चेहरा सैल पडायचा आणि पुढचा आकडा यायचा. असे नऊ. नववा झाला की दादा म्हणायचा, “मी आलोच.” आणि पलंगावरून उठायला बघायचा. पाय उचलायचे नाहीत. मी खांदे धरून त्याला परत निजवायचो.

दोन वर्षं. रोज नऊ आकडे. रोज “मी आलोच.”

आता तो मंगळवार.

गुरुवारी बाहेरून तपासणीस येणार होते. त्याआधी ऋचाला वाचनं पुरी करायची होती. तिच्याकडे लिहिणारा नव्हता. ती जागा चार वर्षं रिकामी होती. म्हणून ती फोनवर ध्वनिमुद्रण लावून ठेवायची. दर तीन मिनिटांनी पारा बघायचा, आकडा मोठ्याने म्हणायचा, नंतर ऐकून उतरवायचा. मध्ये कोणाचा फोन यायला नको म्हणून तो विमानात ठेवतात तसा ठेवलेला.

अकरा वाजल्यापासून ती एकटीच होती. नळी आत घेतली. स्टुलावर चढून खिडकी लावली. स्टूल दाराजवळ नेऊन ठेवलं. सूचना क्रमांक सात.

इकडे नारायण पेठेत दोन वाजून सोळा मिनिटांनी दादाने डोळे उघडले.

“दोन पाच सहा, दोन सात.”

मी कोड्यातून मान वर केली. हा आकडा नेहमीचा नव्हता. नेहमीचे नऊ मला पाढ्यांसारखे पाठ होते.

मी परत म्हणायला तोंड उघडलं...

आणि दादाने मान डोलावली.

मी अजून काही बोललो नव्हतो.

तीन मिनिटं गेली. “दोन पाच सहा, दोन सहा.” थांबला. कान देऊन. मी मुद्दाम गप्प राहिलो.

एक क्षण... आणि दादाने समाधानाने मान डोलावली.

खोलीत पंख्याचा आवाज होता. दुसरा नव्हता.

मी कोड्याच्या कडेला आकडे उतरवू लागलो. तीन मिनिटांनी एक. दर वेळी तो थांबायचा, दर वेळी कोणीतरी त्याला हवं ते देत होतं. माझी गरज राहिली नव्हती. लिहिणाऱ्याची जागा भरली होती.

नऊ झाले. मी खांदे धरायला उठलो.

दादा “मी आलोच” म्हणाला नाही.

दहावा म्हणाला. मग दोन शेहेचाळीसला अकरावा. “दोन सहा पाच, दोन दोन.” जीभ जड. आणि म्हणताना तो हसला. दादा असा हसत नाही. ते हसू लहान मुलीचं होतं.

मग थांबला.

या वेळी मान डोलावली नाही. कपाळावर आठी आली.

“नाही,” दादा म्हणाला. “चुकलं.”

त्यानंतर काही नाही. दोन मिनिटं. चार. तो छताकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे. त्याचे ओठ निळसर दिसत होते. मी पडदा सरकवून पाहिलं. उजेडातही निळसरच.

तीनची गोळी द्यायची असते म्हणून माझं लक्ष घड्याळाकडे होतं. दोन बावन्न.

दादा उठून बसला.

दोन वर्षांत जो माणूस आधाराशिवाय कुशीवर वळला नाही, तो सरळ उठून बसला. समोरच्या भिंतीकडे बघत, साहेबी आवाजात, मुळीच न अडखळता म्हणाला,

“कोंडीराम, खिडकी उघड.”

आणि आडवा झाला.

मी ऋचाला फोन लावला. लागेना. परत लावला. लागेना. संस्थेच्या गेटचा नंबर माझ्याकडे होता, कारण तिथल्या संभाजी नावाच्या पहारेकऱ्याशी माझा स्कूटरवरून वाद झालेला आहे.

“गेट.”

“मी ऋचाचा काका. कडुनिंबाखालच्या खोलीत जाऊन बघा. आत्ता.”

“का, काय झालंय?”

“काही झालं नसेल तर मला हसा. पण पळत जा.”

“तुमीच ना ते, तिरकी गाडी लावणारे?”

“मीच.”

“जातो,” तो म्हणाला, आणि फोन तसाच टाकून पळाला. त्याच्या बुटांचा आवाज मला बराच वेळ ऐकू येत होता. मग तोही नाही.

ऋचा खिडकीखाली जमिनीवर पडली होती. ओठ निळे. श्वास चालू होता. संभाजीने तिला उचलून स्टँडवर आणलं, तिथे तिला उलटी झाली आणि ती रडायला लागली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आणखी पाच मिनिटं गेली असती तर उपयोग नव्हता. त्यांनी ते इतक्या सहज सांगितलं, की मला वाटलं ते बसची वेळ सांगतायत.

संध्याकाळी संभाजी भेटायला आला. टोपी हातात घेऊन बसला.

“काका, खिडकी सताड उघडी होती म्हणून वाचल्या मॅडम. पण उघडली कुणी?”

“तिनेच उघडली असेल.”

“स्टूल दाराजवळ हाय की. वर वही ठेवलेली. त्या कडीला माझा बी हात पोचत न्हाई.” त्याने हातातली टोपी उलटी केली. “आन् ती नळी. बाहेर टाकलेली. घाईत टाकल्यासारखी न्हाई. कडेनं, नीट. रोजच्या माणसानं टाकावी तशी.”

त्याने चहा घेतला. जाताना म्हणाला, “गाडी सरळ लावत जा पण.”

शुक्रवारी ऋचा घरी आली. जेवण झाल्यावर फोन घेऊन माझ्याकडे खाली आली.

“काका, मला हे एकटीला ऐकायचं नाहीये.”

“अगं, फोनमध्ये खरखर येते कधीकधी.”

“ही खरखर मराठीत बोलते, काका.”

आम्ही स्वयंपाकघरात बसलो. तिने ते लावलं.

पंपाची घरघर. मग ऋचाचा आवाज. “दोन पाच सहा, दोन सात.”

एक क्षण...

“दोन पाच सहा, दोन सात.”

आडातून. खालून. टाळकऱ्याने ओळ उचलावी तसा.

मी एकतीस वर्षांनी तो आवाज ऐकत होतो. हातातली सुपारी मी किती वेळ कातरत होतो कोण जाणे. ताटलीत पीठ झालं होतं.

मी कोड्याचा कागद काढून पुढे ठेवला. दादाचे आकडे आणि तिचे आकडे. एकही वेगळा नव्हता.

पुढे पुढे ऋचाचा आवाज सैल होत गेला. मध्येच ती गुणगुणत होती. मग हसून म्हणाली, “दोन सहा पाच, दोन दोन.”

एक क्षण... आणि तो आवाज, न हसता:

“दोन पाच सहा, दोन दोन.”

त्याने दुरुस्त केलं होतं. ती म्हणाली तो आकडा त्या पाऱ्यात असूच शकत नव्हता. त्याचा बरोबर होता.

मग काहीतरी पडल्याचा आवाज. ते काहीतरी म्हणजे ऋचा.

मग नुसती घरघर.

आणि मग, कोणी वाचत नसताना, तो आवाज एकटाच बोलू लागला. “दोन आठ तीन, शून्य नऊ.” बऱ्याच वेळाने, “दोन आठ तीन, शून्य आठ.” तिसऱ्या आकड्याला त्याला धाप लागली होती.

“हे माझे आकडे नाहीत,” ऋचा म्हणाली. “हे दोनशे त्र्याऐंशी कुठून आले? मी तेव्हा दोनशे छप्पनवर होते.”

ती जुनी नोंदवही घेऊन आली होती. १९९४, एप्रिल. पान उघडलं. वाचणाऱ्याच्या रकान्यात दादाची सही, नऊ आकड्यांपुढे. त्याखाली आणखी तीन. तिथे वाचणाऱ्याची सही नाही. अक्षर कोंडीरामचं. तिसऱ्याची शेपटी पानाच्या कडेपर्यंत ओढत गेलेली.

तेच तीन.

साहेब बाहेर गेले तरी त्याने वाचनं बंद ठेवली नव्हती. दुर्बिणीशी जाऊन स्वतः वाचायचं, स्वतःच परत म्हणायचं, मेजाशी येऊन लिहायचं. बंद खोलीत.

ध्वनिमुद्रण अजून संपलं नव्हतं. छत्तिसाव्या मिनिटाला, म्हणजे दोन बावन्नला, पंपाच्या आवाजात एक पोकळी आली. कोणीतरी कोणाचंतरी बोलणं ऐकून घेतंय, तशी.

दादाचा आवाज त्यात नव्हता. फक्त उत्तर होतं.

“उघडतो, साहेब.”

आणि कडीचा आवाज.

ऋचाने फोन पालथा ठेवला. “काका, बाबांनी त्याला कधी खिडकी उघडू नको म्हणून सांगितलं होतं का?”

आता मला जे सांगायचंय ते मी एकतीस वर्षं कोणालाही सांगितलेलं नाही.

त्या दिवशी दुपारी संस्थेत दादाला एक फोन आला होता. फोन खोलीबाहेरच्या ओसरीत असायचा. दादाने तो उचलला, आणि बोलण्याआधी मागे वळून ओरडून सांगितलं, “कोंडीराम, मी येईपर्यंत खिडकी उघडू नकोस रे. मी आलोच.”

हे मला माहीत आहे, कारण मी ते फोनमधून ऐकलं.

फोन मी केला होता.

माझा लेख त्या दिवशी छापून आला होता. तो मी दादाला वाचून दाखवला. वीस मिनिटं. दादा खूप हसला. एक परिच्छेद परत वाचायला लावला. मी परत वाचला.

लेख बरा होता.

ऋचा उठली आणि माझ्या स्वयंपाकघराची खिडकी उघडली. ती उघडीच होती. तिने ती आणखी उघडली.

तपासणिसांची भेट पुढे ढकलली होती, पण त्यांना तिने त्या मंगळवारच्या वाचनांचं पान दाखवलं नाही. अख्ख्या पानावर रेघ मारली. पुढच्या आठवड्यात दुसरा माणूस मागून घेतला, खिडकी उघडी ठेवून सगळी वाचनं पुन्हा केली. शेवटचा आकडा हलला. तिने तो हलतो असंच लिहिलं. सूचना क्रमांक सात तिने लाल शाईने खोडली आणि बाजूला तारीख घातली. किंचाळणारं यंत्रही आलं. माणूस मरता मरता वाचला की संस्थेत कागद भराभर हलतात. मेला तर इतके हलत नाहीत.

एक काम उरलं होतं. ते माझं होतं.

कोंडीरामच्या बायकोला, नंदाबाईंना, तेव्हा संस्थेत झाडलोटीला घेतलं होतं. आता त्या येरवड्यात मुलीकडे राहतात. मी ऋचाचं ध्वनिमुद्रण घेऊन गेलो. सगळं नाही ऐकवलं. फक्त शेवट.

“उघडतो, साहेब.”

नंदाबाईंनी फोन कानाशी धरला. “परत लावा.”

मी परत लावलं.

“हेच,” त्या म्हणाल्या. “घरात कधी कुणाचं ऐकलं नाही. साहेबांचं तेवढं ऐकायचे.” मग विचारलं, “उघडली का पण?”

“उघडली. माझी पुतणी वाचली.”

त्यांनी मान हलवली. मग मी त्यांना फोनचं सांगितलं. वीस मिनिटांचं. मी सगळी वाक्यं रिक्षात तयार केली होती, त्यातलं एकही आठवलं नाही.

त्या भिंतीकडे बघत होत्या. “काय लिहिलं होतं त्यात?”

“रस्त्यातल्या खड्ड्यांवर होतं.”

“साहेब हसले?”

“हसले.”

“मग चांगलं असंल,” नंदाबाई म्हणाल्या, आणि चहा ठेवायला उठल्या.

चहा फार गोड होता. मी तो सगळा प्यायलो. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

त्या मंगळवारनंतर दादाने एकही आकडा म्हटलेला नाही. सव्वादोन वाजतात, तो शांत झोपलेला असतो. वहिनी म्हणतात, बरं झालं, सुटला बिचारा त्या नंबरातून.

तो सुटला.

माझं सांगतो.

मला जुनी सवय आहे. प्रत्येक वाक्य लिहिण्याआधी मी ते मोठ्याने म्हणून बघतो. ही हकिकत या भयकथांच्या पेजसाठी लिहायला बसलो, दुपारीच, दादाच्या खोलीत. पहिलं वाक्य म्हटलं. विज्ञानाची हद्द वगैरे.

एक क्षण...

कोणीतरी ते परत म्हणालं. खालून. आडातून.

दादा झोपला होता. पंखा बंद होता. मी बराच वेळ पेन उघडं धरून बसलो. मग दुसरं वाक्य म्हटलं. तेही परत आलं. स्कूटर स्टँडवर तो हसला नाही.

तेव्हापासून असंच चाललंय. मी म्हणतो, तो परत म्हणतो, मी लिहितो. रीतच आहे ती. घाबरण्यासारखं एवढंच, की कधीकधी तो वेगळं म्हणतो. जिथे मी जरा बरा दिसावा म्हणून आकडा फिरवतो, तिथे.

फोनच्या त्या परिच्छेदात मी आधी ‘पाच मिनिटं’ म्हणालो होतो.

एक क्षण... “वीस.”

मी वीस लिहिलं.

तो रागावल्यासारखा वाटत नाही. तो फक्त पुढच्या वाक्याची वाट बघतो. आणि मला कळत नाही, की माझी वाक्यं संपल्यावर तो काय करेल. त्याला कोणीतरी काहीतरी सांगेपर्यंत तो थांबतो, हे आता मला माहीत आहे. एकतीस वर्षं थांबला होता.

त्याला काय सांगायचं ते मला सुचत नाहीये. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच.

असो. हकिकत आवडली तर जरूर कळवा. फक्त फोन करू नका, विशेषतः दुपारी. पोस्टकार्ड चालेल.